निळ्या पातेल्याचा वास

"अंडं कुणी आणलंय?"

आक्कांनी हा प्रश्न दारातूनच विचारला. पदर नाकाला लावलेला, एक पाय उंबऱ्याच्या आत, एक बाहेर. कारखान्यात आम्ही सात बायका होतो, सातही जणींचे हात थांबले. माझी पिशवी दारालगतच्या खुंटीला, आक्कांच्या नाकापासून हातभर अंतरावर लटकत होती. पिशवीत डबा होता, आणि त्याच डब्यातली अंडापोळी मी तासाभरापूर्वी खाऊन आले होते.

ही शहात्तर सालच्या पौषातली गोष्ट. जयसिंगपुरात नवव्या गल्लीला मगदुमांचा नीळ कारखाना होता. कारखाना म्हणजे घराच्या मागची लांबट पडवी आणि तिच्यावर पत्रे. पांढरे कपडे निळीत काढायची तेव्हा घरोघर पद्धत होती, आणि मगदुमांची 'बगळा छाप' नीळ आसपासच्या पन्नास गावांत जायची. मालक पायगोंडादादा. पण दादा मालक फक्त पाटीवर. घर आणि कारखाना दोन्ही चालायचं त्यांच्या आईच्या, म्हणजे आक्कांच्या शब्दावर. पासष्टीच्या आक्का, पांढरं लुगडं, पायांत वहाण नाही, आणि दिवस मावळल्यावर पाण्याचा थेंबही नाही. जैन घरातली जुनी कडक बाई.

मी कोल्हापुरात चित्रकला शिक्षिकेची पदविका घेऊन वर्षभर नोकरीसाठी वणवण केली होती. शाळांना चित्रकलेचा शिक्षक लागतो, पण तो सगळ्यांत शेवटी लागतो. तेवढ्यात दादांच्या डोक्यात आलं की निळीच्या जोडीला शाळेच्या मुलांसाठी जलरंगाच्या वड्या काढाव्यात, आणि कुणाच्या तरी ओळखीनं मी तिथे चिकटले. वर्षाची बोली होती. जमलं तर पुढे, नाहीतर विट्याला भावाकडे परत. वहिनी स्वभावानं चांगली होती. "वन्सं आल्या तर बरंच, रांगोळ्या काढायला घरात कुणीतरी पाहिजेच," असं ती मनापासून म्हणायची, आणि ते ऐकलं की मी आणखी चार शाळांना अर्ज धाडायची.

पहिल्याच आठवड्यात मी दादांपुढे रंगांची यादी ठेवली होती. शेजारी आक्का तांदूळ निवडत बसल्या होत्या.

"ह्यो लाल कशाचा?" त्यांनी विचारलं.

"कारमाइन. निवडुंगावर किडे असतात परदेशात, ते वाळवून कुटतात."

"काट मार. फुडं."

"हा तपकिरी सेपिया. समुद्रात एक प्राणी शाई सोडतो, तिचा."

"काट मार."

"हा काळा. जाळलेल्या हाडांची..."

"दिव्याची काजळी काय मेली काय?"

पिवळ्याला मी जपून सुरुवात केली. म्हटलं, जुन्या पुस्तकांत लिहिलंय की आपल्याकडे पूर्वी गाईला नुसती आंब्याची पानं खाऊ घालायचे आणि तिच्या मुतापासून पिवळा रंग करायचे. आक्कांचा हात सुपातच थांबला.

"नुसती पानं? वैरण न्हाई, पेंड न्हाई? त्या गाईचं काय झालं असंल गं?"

ते पुस्तकात लिहिलेलं नव्हतं. पिवळ्याला आम्ही भिंतीला लावायची पिवडी घेतली, लाल रंगाला गेरू, काळ्याला काजळी. निळ्याचा प्रश्न नव्हता. पोत्यांनी नीळ घरातच होती, आणि ती म्हणजे चित्रकारांचा अल्ट्रामरीनच. एके काळी हा निळा अफगाणिस्तानातला दगड कुटून काढायचे आणि तो सोन्याच्या मोलानं विकला जायचा. पुढे युरोपात कुणीतरी माती, सोडा, कोळसा आणि गंधक भट्टीत घालून तोच रंग करून दाखवला, आणि राजांच्या चित्रांतला निळा धुणं धुणाऱ्या बायकांच्या बादलीत आला. हे मी आक्कांना सांगितलं तेव्हा त्या खूश झाल्या. आपल्या घरात सोन्याच्या मोलाची चीज पोत्यानं पडली आहे, हे त्यांनी अख्ख्या गल्लीला सांगितलं.

राहिली वडी बांधायची गोष्ट. रंगाला धरायला बाभळीचा डिंक लागतो, आणि वडी तडकू नये, ब्रशाला लगेच सुटावी म्हणून मध. मध म्हटल्यावर आक्कांनी माझ्याकडे असं बघितलं की मी पुढचं वाक्य गिळलं. त्या गडबडीत माझ्या तोंडून एक मूर्खपणाही निघून गेला. म्हटलं, "परदेशात तर जुने चित्रकार अंड्याच्या बलकात रंग कालवायचे." सहज, माहिती म्हणून. ते वाक्य पडवीतल्या सगळ्या बायकांनी ऐकलं आणि नीट जपून ठेवलं.

मधाऐवजी आम्ही काकवी घेतली. आमच्याकडे गुऱ्हाळांना काय तोटा? काकवीत वड्या झकास झाल्या. फक्त चार दिवसांनी त्यांच्यावर साखरेचे पांढरे दाणे फुटले.

आता पुन्हा त्या शुक्रवारकडे येते. रविवारी सांगलीला चित्रकला शिक्षकांचा मेळावा होता. दादांनी तिथे आमच्या रंगांसाठी एक टेबल मागून घेतलं होतं, आणि छापलेल्या पत्र्याच्या पेट्या आणायला ते कोल्हापूरला गेले होते. शिक्षकांना रंग पटले तर शाळाशाळांत पेट्या जाणार, न पटले तर दादा पुन्हा निळीच्या पुड्या बांधणार आणि मी विट्याला रांगोळ्या काढणार. सकाळीच मी चार पातेल्यांत चार रंग कालवले होते. आणि दुपारी तीनला हा वास.

वास खरंच भयानक होता. सडक्या अंड्याचा, डोक्यात जाणारा. आयुष्यात अंडं हातात न धरलेल्या बाईनं तो कसा ओळखला, असं कुणी विचारील. माणूस जे खात नाही, त्याचा वास त्याला सगळ्यांत आधी कळतो.

"मी म्हणत हुते न्हवं," रत्नव्वा पुढे झाली. ही वड्या थापणाऱ्या बायकांची मुकादम. "ह्या बाईनंच रंगात अंडं घालायचं काढलं हुतं. आक्का, सगळ्यांच्या पिशव्या बघू या."

सगळ्यांच्या म्हणाली, पण बघत माझ्याकडे होती.

मी पिशवीकडे बघायचं टाळलं, म्हणजे नक्कीच बघितलं असणार. ज्या मावशींकडे मी खोली घेऊन राहायचे, त्या आठवड्यातून एकदा डब्यात अंडापोळी द्यायच्या. त्या दिवशी मी पडवीत सगळ्यांबरोबर जेवायला बसत नसे. डबा घेऊन तडक स्टेशनवर जायचं, बाकावर बसून खायचं, नळावर हात धुवायचे, बडीशेप चावत परत यायचं. मगदुमांच्या आवारात मी अंडं खाल्लं नव्हतं. पण रिकामा डबा आत आणला होता, आणि हा बारीक फरक रत्नव्वाला समजावून सांगायची माझ्यात हिंमत नव्हती.

आक्का उंबऱ्यातच उभ्या होत्या. त्यांनी पदर नाकावरून काढला, एक लांब श्वास घेतला आणि परत पदर लावला.

"पिशव्या बघायच्या न्हाईत," त्या म्हणाल्या.

"खरं आक्का..."

"कामाला आलेल्या बायकांच्या पिशव्या ह्या घरात कधी बघितल्या न्हाईत. आज बी न्हाई." मग माझ्याकडे वळल्या. "मालन, रंग तुझ्या ताब्यात हाईत. भिंतीपल्याड माझा देव्हारा हाय. पाचाच्या आत ह्यो वास कुठनं येतोय ते मला सांग. सांगता आलं न्हाई, तर सोमवारपासनं येऊ नको."

आणि त्या घरात निघून गेल्या. रत्नव्वानं बायकांना घेऊन अंगणात सावलीला बैठक मांडली. पडवीत मी, चार पातेली आणि तो वास, एवढेच उरलो.

आधी मी चोरून माझाच डबा हुंगला. बडीशेपेचा वास आला. मग एकेका पातेल्यावर वाकले. गेरू मातीसारखा, पिवडीही तशीच, काजळीला तेलकट. निळ्यावर वाकले आणि डोळ्यांतून पाणी आलं.

तेव्हा मला आणखी एक गोष्ट दिसली. सकाळी हा रंग असा निळा होता की बघत राहावं. आता तो राखाडी पडला होता. काठाला तर राख कालवल्यासारखा पांढुरका. दोन दिवसांवर मेळावा आणि निळा मरायला टेकलेला. घाबरायला आता माझ्याकडे दोन कारणं झाली.

मी तीन वाट्या घेतल्या. पोत्यातली कोरडी नीळ तिन्हीत घातली. पहिलीत नुसतं पाणी टाकलं, दुसरीत डिंकाचं पाणी, तिसरीत काकवी. बसले. पहिल्या वाटीला काही झालं नाही, दुसरीलाही नाही. तिसरीत बारीक बुडबुडे आले, आणि ओळखीचा वास नाकात शिरला.

म्हणजे काकवी. पण काकवीनं पंधरा दिवस काही खोडी केली नव्हती. मी बरणीत बोट बुडवून चाटलं. काकवी आंबट लागली. चांगलीच आंबट, दात शिवशिवतील इतकी. गाळायचं फडकं बरणीच्या तोंडाशीच वाळत होतं. ते उलटं केलं तर त्याला तीन बिया चिकटलेल्या. लिंबाच्या.

आणि मला कॉलेजातली वही आठवली. आमचे सर वर्गात फेऱ्या मारत लिहून द्यायचे आणि आम्ही मान खाली घालून लिहायचो. 'अल्ट्रामरीन. उन्हाला टिकतो, चुन्याला टिकतो, आम्लाला टिकत नाही. आम्लात त्यातले गंधक वायुरूपाने निघून जाते व रंग विटतो.' हे मी परीक्षेत शब्दशः लिहून पूर्ण गुण मिळवले होते. निघून जाताना ते गंधक अंड्यासारखं घाण मारतं, एवढं सरांनी सांगायचं बाकी ठेवलं होतं.

गूढ उकललं आणि मी ते फडकं गुपचूप होतं तसं परत ठेवलं. कारण त्या घरात काकवीत लिंबू पिळण्याचा अधिकार असलेली एकच व्यक्ती होती.

साडेचार झाले होते. मी वाटीत चमचाभर नीळ घेतली आणि स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन उभी राहिले. दिवस मावळायच्या आत जेवण उरकायचं म्हणून आक्का भाकरी थापत होत्या.

"सापडला?"

"सापडलाय असं वाटतंय. आक्का, एक लिंबू द्याल?"

"कशाला?"

"आणि तुम्हीच पिळा. ह्या वाटीत."

त्यांनी तवा उतरवला, हात धुतले, विळीवर लिंबू चिरलं. तेवढ्यात मी विचारून टाकलं, "काल मी गेल्यावर काकवीत काही घातलं होतंत का?"

"लिंबू घातलं की. वड्यावर साखर धरत हुती म्हणून तू तोंड पाडून बसली हुतीस. पाकात लिंबू पिळलं की साखर धरत न्हाई, हे लगीन झालेल्या कुठल्या बी बाईला ठाऊक असतं. मोठी बरणी, म्हणून डझनभर पिळली. तुझं काम सोपं केलं, त्यात सांगायचं काय?"

"काहीच नाही. पिळा."

त्यांनी पिळलं. नीळ चुरचुरली. आम्ही दोघी चुलीपुढे वाटीवर डोकी लावून बसलो. आधी वास आला. आक्कांनी झटक्यानं मान मागे घेतली, मग परत पुढे आणली, खात्री करायला. हळूहळू निळा फिका पडत गेला, आणि आणखी थोड्या वेळानं त्या वाटीत राखेच्या पाण्याहून बरं असं काही दिसत नव्हतं. आक्का वाटीकडे बघत राहिल्या. मला वाटलं, आता माझं काही खरं नाही. रांगोळ्या, विटा, वहिनी.

मग त्यांचे खांदे हलायला लागले. आधी मला कळलंच नाही, कारण आक्कांना हसताना मी पाहिलं नव्हतं. पदर तोंडात कोंबून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत त्या हसल्या.

"म्हंजे चुलीपाशी बसून, माझ्या हातानं, माझ्याच घरात..." त्यांना पुढे बोलवेना.

मलाही राहवेना. आम्ही दोघी हसत सुटलो. त्या भरात मला एकदम वाटलं की आता सगळं सांगून मोकळं व्हावं.

"आक्का, अजून एक सांगायचं होतं. माझ्या पिशवीत..."

"आता काय बी सांगू नको," त्या डोळे पुसत उठल्या. "पाच वाजायला आले. चल."

अंगणात बायका वाटच बघत होत्या. हा लिंबाचा उद्योग मी त्यांच्यासमोर कसा मांडावा याची जुळवाजुळव करत होते. त्याची गरज पडली नाही. आक्का पायरीवर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "रत्नव्वा, अंडं मीच आणलं हुतं गं. बारा लिंबांचं."

शनिवारी सकाळी नवी काकवी आली. आक्कांनी स्वतःच्या हातानं पातेलं चिंचेनं घासलं. मग चिंचही आंबटच की, असं म्हणून त्यांनी ते पुन्हा राखेनं घासलं. मी नव्यानं निळा कालवला. रंग सुरेख आला, पण रविवारपर्यंत वडी वाळेना. शेवटी तो ओला गोळाच पत्र्याच्या चिमुकल्या वाट्यांत भरून आम्ही पेटीत बसवला. दादा पेटी बघून हिरमुसले. "चिखल घेऊन चाललोय," असं ते सांगली येईपर्यंत चारदा म्हणाले.

मेळाव्यात दोन तास आमच्या टेबलाकडे कुणी फिरकलं नाही. मग जाड भिंगाचा चष्मा लावलेले एक म्हातारे शिक्षक आले, बहुतेक खुर्ची रिकामी दिसली म्हणून. बसले, आणि हात रिकामे म्हणून ब्रश उचलला. निळ्याला ब्रश लागला मात्र, रंग भरभरून सुटला. ओला होता ना. त्यांनी खरखरीत कागदावर आकाशाचा एक हात ओढला, कागद तिरका धरला, वाळू दिला. निळीचे बारीक कण कागदाच्या खळग्यांत बसत गेले आणि आकाशाला एक सुरेख रवाळपणा आला.

"हा दाणा कुठून आणलात?" त्यांनी चष्मा वर करून विचारलं. "माझ्या तरुणपणी विलायती ट्यूबला असा दाणा यायचा."

"बगळा छाप आहे," दादा म्हणाले. एवढं बोलून त्यांनी पेटी म्हाताऱ्यांच्या आणखी जवळ सरकवली.

म्हाताऱ्यांनी इतरांना हाका मारल्या. संध्याकाळी आमच्याकडे चौतीस शाळांची नावं लिहिलेली होती, आणि ओला रंग ही आमची खासियत आहे असं दादा लोकांना ठणकावून सांगत होते.

सोमवारी मी अशी निघाले की जणू मिरवणूकच माझ्या मागे आहे. पडवीच्या दाराशी आले आणि थबकले. दारालगतची खुंटी उपटून टाकलेली होती. तिच्या जागी गिलाव्यात भोक. आणि बाहेर, ओसरीच्या टोकाला, नवी सागवानी खुंटी ठोकलेली.

"हितनं फुडं पिशव्या भायेर," रत्नव्वा म्हणाली. "आक्कांनी सांगितलंय."

मी पिशवी बाहेर अडकवली. रंग तरले, नोकरी राहिली, सगळं मनासारखं झालं. पण ती खुंटी मला लागली. वाटलं, हसल्या खऱ्या, पण शंका काही गेली नाही त्यांची. पुढे मी रंग विभागाची प्रमुख झाले, मगदुमांच्या पेट्या जिल्ह्याबाहेर गेल्या, नीळ बंद होऊन नुसते रंगच राहिले. मी रोज सकाळी त्या खुंटीला पिशवी अडकवत होते आणि रोज थोडी खट्टू होत होते. एकोणीस वर्षं.

पंच्याण्णवच्या थंडीत आक्का चौऱ्याऐंशीच्या होत्या. दुपारी त्यांची खुर्ची ओसरीवर उन्हात मांडत. अशाच एका दुपारी मी खुंटीवरची पिशवी काढली आणि पायऱ्या उतरायला लागले.

"टेसनाकडं?" आक्कांनी विचारलं.

मी मागे वळले.

"रोज आमच्यासंगं बसून जेवतीस," त्या उन्हाकडे डोळे बारीक करून म्हणाल्या. "आठवड्यातनं एकदा तेवढं टेसनाकडं जातीस. त्या वक्ताला गाडी बी नसती. पैल्या महिन्यातच वळखलं हुतं मी."

"म्हणजे त्या दिवशी... तुम्हाला माहीत होतं?"

"व्हय की."

"मग पिशवी का बघू दिली नाहीत?"

"वास पातेल्याकडनं येत हुता. तुझी पिशवी माझ्या नाकाफुडं हुती, तिला कसला वास? बडीशेपेचा." त्यांनी दम घेतला. "पिशवी उघडली असती तर अंड्याचा डबा सापडला असता. मग पातेल्यात कुणी बघितलं असतं काय?"

मी पायरीवरच बसले. बाकीचं विचारायचं म्हणजे एकोणीस वर्षांचा फुगलेला गाल खाली करायचा होता. तरी विचारलं.

"आणि ही खुंटी?"

"ती तुझ्यासाठीच ठोकून घेतली. आत पिशवी टांगलीस की तू दिवसभर चोरासारखी तिच्याकडं बघत बसायचीस. काम कधी करणार? भायेर टांगलीस की मोकळी." मग जरा रागानं म्हणाल्या, "त्या दिवशी ते लिंबू तू मला एकटीला पिळायला लावलंस. चारचौघींत न्हाई. मी काय ते इसरले काय?"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते लपवायला म्हणून मी उठले आणि पिशवी खांद्याला लावली.

"कुठं चाललीस आता?"

"स्टेशनवर, आक्का. आज डब्यात..."

"ठाऊक हाय. ऊन किती, टेसन किती लांब, तुझं वय काय. बस हितं पायरीवर." त्यांनी खुर्चीचे हात धरले, कण्हत कण्हत ती वळवली आणि भिंतीकडे तोंड करून बसल्या. "मी हिकडं बघती. खा."

मी डबा उघडला. झाकण पायरीवर वाजलं.

"झालं काय?" त्यांनी भिंतीला विचारलं.

"अजून नाही, आक्का."

"मग सावकाश खा," त्या म्हणाल्या.